पासबुकातला दुसरा रकाना

मला हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय! तुम्ही कधी पीएफचं पासबुक नीट, एकेक रकाना वाचत पाहिलंय? मी नुकतंच पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून काउंटरवर बोर्डिंग पास हातात देतानासुद्धा डोक्यात तोच हिशेब चालू आहे. पहिल्या रकान्यात माझ्या पगारातून गेलेले पैसे होते. ते मला ठाऊक होते, सॅलरी स्लिपवर दर महिन्याला दिसतातच. पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना होता आणि त्यातही तेवढाच आकडा! माझे २,४००, कंपनीचे २,४००. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मी जेवढे ठेवले तेवढेच माझ्या कंपनीनं माझ्या नावावर ठेवलेत, आणि वर त्या सगळ्यावर व्याज!

मी मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत आहे. पहिलीच नोकरी. कधी चेक-इन, कधी गेट, कधी व्हीलचेअरचे प्रवासी, कधी हरवलेल्या बॅगांचा डेस्क, रोस्टरवर येईल ते. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास जरा उसंत मिळते. त्या उसंतीत उमंग ॲप उघडलं, यूएएन म्हणजे माझा पीएफचा नंबर टाकला, ओटीपी आला आणि पासबुक समोर. मी धावत कँटीनमध्ये गेले आणि रॅम्पवरच्या एका काकांना मोबाइल दाखवला. काकांचं अर्धं आयुष्य पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरवर गेलंय. ते हसले आणि म्हणाले, “अगं, तो मालकाचा हिस्सा. आमच्या वेळी वर्षातून एकदा स्लिप यायची, तुला घरबसल्या दिसतंय. त्याला हात लावू नकोस म्हणजे झालं.”

मालकाचा हिस्सा! मग मी वाचतच सुटले. १९५२ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही व्यवस्था. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या बहुतेक आस्थापनांना ती लागू होते. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिचे १२ टक्के कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच १२ टक्के मालकाचे. दोन्ही मिळून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे जमा झाले पाहिजेत. आणि मालकाचा हिस्सा पहिल्या दिवसापासून माझा! इतकी वर्षं टिकलीस तरच मिळेल, अशी अट त्याला नाही.

माझ्या शिफ्टमधली एक मैत्रीण म्हणाली, “पण ते सीटीसीत धरलेलंच असतं ना? मग त्यात विशेष काय?” बरोबर आहे, ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्यात तो हिस्सा मोजलेला असतो. पण कायदा असंही सांगतो की मालकानं आपला हिस्सा कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापून घ्यायचा नाही. शिवाय हेच २,४०० हातात आले असते तर माझ्या पगारात धरले गेले असते. पीएफमध्ये गेले की बेसिकच्या १२ टक्क्यांपर्यंतच्या मालकाच्या हिश्श्यावर माझ्यासारखीला इन्कम टॅक्स नाही. माझं स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर व्याजावरही टॅक्स नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हातात आलेले २,४०० महिनाअखेरीला शिल्लक राहिले असते का? मला माझा स्वभाव माहीत आहे आणि विमानतळावरच्या कॉफीचा भावही!

आता हिशेब ऐका. माझं बेसिक २०,००० आहे आणि आमची कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरते. म्हणजे महिन्याला दोन्हीकडचे मिळून ४,८००. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं. समजा, माझा पगार तीस वर्षं एका रुपयानंही वाढला नाही आणि व्याजाचा दर हाच राहिला. माझ्या खिशातून तीस वर्षांत जातील ८ लाख ६४ हजार. कंपनीकडून येतील तेवढेच. आणि खात्यात होतील जवळजवळ ७१ लाख! मी तीनदा मोजलं, मग भावाकडून मोजून घेतलं. आमची आई भिशी लावते तेव्हा जेवढे घातले तेवढेच नंबर लागल्यावर हातात येतात. इथे माझ्या प्रत्येक रुपयाशेजारी दुसरा रुपया येऊन बसतो आणि मग दोघांना मिळून व्याज लागतं.

व्याजाचा दर दरवर्षी ठरतो आणि तो बदलतो, हेही वाचलं. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत तो तब्बल १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ८.१ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. तीस वर्षांनी ७१ लाखांत आजच्या ७१ लाखांइतकं काही येणार नाही, महागाई आपलं काम करेलच. पण पगारही वाढणार आणि पगाराबरोबर दोन्ही रकाने वाढणार. पाठीशी मोठी डिग्री नसलेली, शिफ्ट करणारी मुलगी कुठलीही जास्तीची धडपड न करता एवढी पुंजी उभी करू शकते, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आमच्या इथे लोडरचं काम करणाऱ्या दादांचं पासबुक पाहिलं तर त्यात तिसराही रकाना भरलेला. त्यांचं बेसिक १५,०००. त्यांचे १,८०० जातात, कंपनीचे १,८०० येतात, पण कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. ही १९९५ ची पेन्शन योजना. सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वरच्या बेसिकवर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्यांना ती नाही, म्हणून माझा तिसरा रकाना रिकामा आणि कंपनीचा सगळा हिस्सा दुसऱ्या रकान्यात. दादांचं गणित मी त्यांच्यासमोर बसून केलं. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, असं ते सूत्र आहे. वीस वर्षं किंवा त्याहून जास्त सेवा झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. तीस वर्षं नोकरी झाली तर १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८५७ रुपये, अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर आयुष्यभर. त्यांच्यानंतर त्यांच्या बायकोला कुटुंब पेन्शन. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, हे दादांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच बोटांवर वर्षं मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला.

आणि विमा! त्याचा तर कुणी उल्लेखही करत नाही. पीएफच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळते. त्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो, आपल्या पगारातून एक पैसाही जात नाही. भर पावसात ओल्या रॅम्पवर, सुरू इंजिनांच्या आसपास काम करणाऱ्या माणसाच्या घरच्यांना हे माहीत असायलाच हवं.

मग मी आमच्या शेजारच्या काकांना गाठलं. ते एअर इंडियातून निवृत्त झालेले, पीएफला अजून ‘फंड’च म्हणतात. त्यांच्याकडून कळलं की एअर इंडियाचा फंड वेगळ्याच कायद्याखाली होता, १९२५ च्या. त्यात कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि कंपनीचे १० टक्के. फंड होता, पण कायद्यानं मिळणारं पेन्शन नव्हतं आणि विमाही नव्हता. डिसेंबर २०२१ पासून, म्हणजे टाटांकडे कंपनी परत जाण्याच्या अगदी तोंडावर, एअर इंडिया ईपीएफओच्या छत्राखाली आली आणि त्या महिन्यासाठी सुमारे ७,४५३ कर्मचाऱ्यांचे पैसे तिथे भरले गेले. कंपनीचा हिस्सा १० वरून १२ टक्क्यांवर गेला, पेन्शन आलं, विमा आला. २७ जानेवारी २०२२ ला मालकी बदलल्याची बातमी सगळ्या देशानं पाहिली, पण कामगारांसाठी त्याआधीच घडलेली ही गोष्ट मला त्या बातमीइतकीच मोठी वाटते.

आमच्या धंद्यात याचं मोल आणखी वाढतं. विमान कंपन्या बंद पडतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. यातली जेट आणि गो फर्स्ट तर इथल्याच, मुंबईच्या. अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला या पट्ट्यात एखाद्या बंद पडलेल्या एअरलाइनमध्ये काम केलेलं कुणीतरी सहज भेटतं. पगार थकतात, घराचे हप्ते थांबत नाहीत. पण पीएफमध्ये जमा झालेला पैसा कंपनीच्या तिजोरीत नसतो! तो कंपनीच्या मालमत्तेत धरलाच जात नाही. दिवाळखोरीचा कायदा स्पष्ट म्हणतो की कंपनी मोडीत काढायची वेळ आली तरी कामगारांचा पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा निधी घेणेकऱ्यांत वाटायच्या मालमत्तेत येत नाही. जेटच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणानं सांगितलं की कर्मचाऱ्यांची पीएफ आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्णच द्यायला हवी. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात बदल करायला नकार दिला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच कोर्टानं कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला, पण कामगाराच्या निधीबद्दलचं ते तत्त्व पक्कं उभं आहे. आणि हे तर ऐकाच : सभासदाचं स्वतःचं कर्ज थकलं तरी पीएफमधल्या रकमेवर कोर्टाच्या हुकमानं जप्ती आणता येत नाही.

हे सगळं मी अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीला व्हिडिओ कॉलवर एका दमात सांगितलं. ती म्हणाली, “आमच्याकडे यालाच ४०१-के म्हणतात, कंपनी मॅच करते.” मग मी तिकडच्या एअरलाइन्सचं वाचत बसले. ४०१-के हे त्यांच्या करकायद्यातल्या एका कलमाचं नाव, ते कलम १९७८ मध्ये आलं. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं तिथल्या मोठ्या विमान कंपन्या ठरलेलं पेन्शन द्यायच्या आणि ते द्यायची जबाबदारी कंपनीची असायची. युनायटेड एअरलाइन्सनं डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मे २००५ मध्ये कोर्टानं तिला पेन्शन योजना बंद करायला परवानगी दिली. सुमारे १,२०,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता. तूट होती ९.८ अब्ज डॉलरची. पेन्शनला विम्याची हमी देणाऱ्या सरकारी संस्थेनं त्यातले ६.६ अब्ज उचलले, उरलेलं नुकसान कामगारांच्या वाट्याला आलं. वैमानिकांची अवस्था तर आणखी वाईट. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना साठाव्या वर्षी सक्तीनं निवृत्त व्हावं लागे आणि विमा संस्थेची पूर्ण हमी होती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांना. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर तिथल्या विमान कामगारांचा मोठा आधार झाला तो ४०१-के. यात पैसे कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जातात आणि कंपनी त्यात भर घालते. डॅलसची साउथवेस्ट एअरलाइन्स यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे बहुतेक कर्मचाऱ्यांना पगाराच्या ९.३ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर मिळतो. पण तिकडे सहभाग ऐच्छिक असतो. स्वतःचा हिस्सा भरलाच नाही तर मॅचिंगवर पाणी सोडावं लागतं. शिवाय कंपनीनं घातलेली रक्कम पूर्ण आपली व्हायला काही ठिकाणी ठरावीक वर्षं नोकरी करावी लागते आणि पैसे शेअर बाजाराबरोबर वरखाली होतात. तिकडे वाढायला वाव जास्त आहे, स्वतः भरायची मर्यादाही मोठी आहे, २०२५ साठी ती २३,५०० डॉलर होती. आपल्याकडे मात्र भरायचं की नाही हा प्रश्नच बहुतेकांपुढे येत नाही. पहिल्या पगारापासून ते आपोआप सुरू होतं, दर जाहीर होतो आणि कंपनीचा रुपया पहिल्या दिवसापासून आपला. बहिणीला मी अभिमानानं सांगितलं की आमच्या लोडरदादांना जे कायद्यानं मिळतं, त्यासाठी तुमच्याकडे फॉर्म भरावा लागतो!

आता आपल्या लोकांसाठी काही कामाच्या गोष्टी. केबिन क्रूच्या मैत्रिणींनो, तुमच्या हातात येणाऱ्या पैशात उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा वाटा मोठा असतो आणि पीएफचं गणित बेसिकवर चालतं. हातातला पगार भरघोस दिसला तरी दोन्ही रकाने छोटे असू शकतात. काही कंपन्या पूर्ण बेसिकऐवजी १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपयेच भरतात. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की बेसिक किती आणि पीएफ कशावर, हे दोन प्रश्न विचाराच. आपला हिस्सा १२ टक्क्यांच्या वर न्यायचा असेल तर व्हीपीएफची, म्हणजे ऐच्छिक पीएफची सोय आहे. कंपनीनं तेवढीच भर घालावी असं बंधन नाही, पण व्याज तेच मिळतं.

कंत्राटावर काम करणाऱ्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. सफाई, ट्रॉली, लोडिंग, सिक्युरिटी अशी कामं ठेकेदारामार्फत चालतात, पण ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर मूळ मालकालाही जबाबदारी झटकता येत नाही. पगारातून कापून घेतलेला हिस्सा न भरणं हा गुन्हा आहे. आपले पैसे भरलेत की नाही हे कळायला आता कुठल्या साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळायची गरज नाही, पासबुकात महिना दिसला नाही की लगेच विचारता येतं आणि ईपीएफओकडे ऑनलाइन तक्रारही करता येते.

आणि नोकरी बदलणाऱ्यांनो, तुम्हाला तर कळकळीनं सांगते! आमच्या क्षेत्रात सगळेच बदलतात. ग्राउंड हँडलिंगमधून एअरलाइनमध्ये, एकीतून दुसरीत, मुंबईतून पुण्याला, गोव्याला, दुबईला. प्रत्येक वेळी “पीएफ काढून टाकू, लग्नात कामाला येईल” असं कँटीनमध्ये ऐकू येतं. पाच वर्षांच्या आत काढलात तर टॅक्स लागू शकतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं व्याज आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा, दोन्ही तिथेच थांबतं. २०१४ पासून यूएएन आहे, कंपनी कितीही वेळा बदलली तरी नंबर एकच. जुनं खातं नव्यात ट्रान्स्फर केलं की सेवा सलग धरली जाते.

नॉमिनीचंही बघा. लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नाव घातलं असेल तर लग्नानंतर ते नामांकन चालत नाही, नव्यानं करावं लागतं. ते ऑनलाइन करता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

मी हे लिहितेय ते विमानतळावर घाम गाळणाऱ्या प्रत्येक माणसासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ट्रॉली ढकलणारा दादा असो, रात्रभर विमानाचं इंजिन तपासणारी इंजिनीअर असो की हसतमुखानं सीटबेल्ट लावायला सांगणारी क्रू असो, तुमच्या मेहनतीचा एक हिस्सा कुणीतरी कायद्यानं बाजूला ठेवतंय आणि त्यात आपली भर घालतंय. हा तुमचा हक्क आहे आणि तो जपणं तुमच्या हातात आहे. यूएएन चालू करा, आधार आणि बँक खातं जोडा, नॉमिनीचं नाव भरा, दर महिन्याला कंपनीचा हिस्सा आला की नाही बघा आणि नोकरी बदलली तर पैसे काढू नका, ट्रान्स्फर करा.